थोड्या पैशांत जोरकस इंजिन : आधी हिशेब, मग पाना

जुन्या बुलेटचे इंजिन निळा धूर सोडू लागले, की कधी ना कधी ते खोलावे लागतेच. आणि एकदा खोलायचे ठरले, की घरातल्या किंवा वर्गातल्या तरुण मंडळींच्या मनात हमखास एक विचार येतो : खोलतोच आहोत, तर पहिल्यापेक्षा जोरात पळेल असेच बांधू या! विचार वाईट नाही. पण खिशातले पैसे मोजके असतात, सल्ले मात्र उदंड मिळतात. मोठा कार्ब्युरेटर लाव, हेड घासून घे, बोअर वाढव, सायलेन्सर बदल. यातला कोणता सल्ला खरा, कोणता नुसताच महाग आणि कोणता धोक्याचा, हे ठरवायला अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. या लेखात आपण एकच इंजिन समोर ठेवून तो हिशेब करणार आहोत.

इंजिन निवडले आहे बुलेट ३५० चे. मूळ इंग्लंडमधील रेडिच गावच्या कंपनीची ही मोटारसायकल १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. ओतीव लोखंडाचा सिलिंडर असलेले तिचे इंजिन थोड्याफार फरकाने या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिले. एकच सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, हवेने थंड होणारे. भाग मोजके, आणि प्रत्येकाचे काम डोळ्यांना दिसणारे. शिकण्यासाठी याहून चांगले इंजिन शोधून सापडणार नाही.

हे इंजिन कशासाठी?

नियोजनाचा पहिला प्रश्न 'कोणता भाग घ्यावा?' हा नाही. 'हे इंजिन कुठे चालणार?' हा आहे. रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाच्या बाबतीत याचे उत्तर कायद्यानेच बरेचसे ठरवून टाकले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असे फेरफार वाहनमालकाला सर्वसाधारणपणे करता येत नाहीत. म्हणजे रस्त्यावरच्या गाडीचे इंजिन उत्तम बांधायचे, तर ते मूळ मापाप्रमाणे बांधायचे. त्यापुढची वाढ बंदिस्त मैदानावरच्या शर्यतीच्या गाडीसाठी किंवा महाविद्यालयाच्या कर्मशाळेतल्या प्रयोगासाठी. ही मर्यादा ऐकून कोणी हिरमुसले असेल, तर त्यांनी थोडा धीर धरावा. मूळ मापाप्रमाणे बांधलेल्या इंजिनातच मोठी कमाई दडलेली असते, हे आपण पाहणारच आहोत.

ताकद कशाने ठरते?

इंजिनची ताकद म्हणजे दर सेकंदाला झालेले काम. पेट्रोल जळते, वायूचा दाब वाढतो, तो पिस्टनला खाली ढकलतो. एका स्फोटात मिळणारे काम म्हणजे पिस्टनवरचा सरासरी दाब गुणिले सिलिंडरचे आकारमान. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. म्हणून

ताकद = सरासरी दाब × आकारमान × (दर सेकंदाचे फेरे ÷ २)

एवढेच सूत्र. त्यात बदलण्याजोग्या गोष्टी तीन : दाब, आकारमान आणि फेरे. जगातला कोणताही कारागीर, कितीही पैसे घेऊन, या तिघांखेरीज चौथी गोष्ट बदलू शकत नाही.

आता बुलेटचे आकडे घालू. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मि.मी.; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० मि.मी. यावरून आकारमान ३४६ घन सें.मी. निघते. कारखान्याने सांगितलेली ताकद मिनिटाला ५६२५ फेऱ्यांना १८ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १३,४०० वॉट. सूत्रात घातल्यावर सरासरी दाब येतो ८.३ बार, वातावरणाच्या दाबाच्या आठपट. (प्रत्यक्षात दाब सतत बदलत असतो आणि घर्षणात काही वाया जातो. हा आकडा बाहेर मिळालेल्या कामावरून मागे मोजलेला आहे.)

शेजारी दुसरे एक इंजिन ठेवू. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ड्यूक ३९० या मोटारसायकलीचे, २०१३ साली आलेले. बोअर ८९ मि.मी., स्ट्रोक ६० मि.मी., आकारमान ३७३ घन सें.मी., आणि ताकद ९५०० फेऱ्यांना सुमारे ४३ अश्वशक्ती. दोन्ही इंजिने एका सिलिंडरची, आकार जवळजवळ सारखा. तरी ताकदीत २.४ पटींचा फरक! हा फरक कुठून आला? तिन्ही गोष्टींचे गुणोत्तर काढू. आकारमान १.०८ पट, फेरे १.६९ पट, सरासरी दाब १.३१ पट. तिघांचा गुणाकार २.३९. हिशेब चोख जुळतो.

यातून एक गोष्ट लगेच दिसते. आकारमानाचा वाटा सर्वांत कमी, फेऱ्यांचा सर्वांत मोठा. मग बुलेटचे फेरे वाढवले की झाले, असे कोणी म्हणेल. घाई नको. तिन्ही वाटा एकेक करून चालून पाहू.

पहिली वाट : आकारमान

बोअर १ मि.मी. ने वाढवला, तर आकारमान ३४६ वरून ३५६ होते. वाढ जेमतेम तीन टक्के. म्हणजे १८ अश्वशक्तीत अर्ध्या अश्वशक्तीची भर. आणि त्याची किंमत? सिलिंडरची भिंत तेवढी पातळ झाली, पुढे कधी पुन्हा रिबोअर करण्याची जागा संपली.

तेव्हा रिबोअर हे ताकद वाढवण्याचे साधन नव्हे. झिजून लंबगोल आणि निमुळता झालेला सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ करण्याचा तो उपाय आहे. झीज काढून टाकण्यापुरती, जी सर्वांत लहान वाढ पुरेल, तीच घ्यावी. आणखी एक : आधी पिस्टन विकत घ्यावा, तो मायक्रोमीटरने मोजावा आणि त्याच्या मापाप्रमाणे सिलिंडर बोअर करून घ्यावा. खोक्यावर छापलेले माप आणि आतल्या पिस्टनचे माप यांत काही शतांश मिलिमीटरचा फरक असू शकतो, आणि इथे सगळा खेळ शतांशांचाच आहे.

दुसरी वाट : फेरे

पिस्टन एका फेऱ्यात दोनदा धावतो; एकदा खाली, एकदा वर. ५६२५ फेऱ्यांना बुलेटच्या पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला १६.९ मीटर. ड्यूकचा पिस्टन ९५०० फेऱ्यांना धावतो १९ मीटर वेगाने. फेऱ्यांत १.६९ पटींचा फरक, पण पिस्टनच्या वेगात फारसा नाही. कारण उघड आहे : त्याची धावच आखूड आहे. बुलेटला ९५०० फेरे करायला लावले, तर पिस्टनचा वेग २८.५ मीटर होईल. शर्यतीसाठी खास घडवलेल्या इंजिनांनाही २५ च्या आसपास थांबावे लागते. म्हणजे ही वाट बुलेटच्या जन्मापासूनच अरुंद आहे. लांब धावेचे इंजिन कमी फेऱ्यांत सावकाश, दमदार ओढण्यासाठी असते.

वेगापेक्षाही महत्त्वाचे आहे त्वरण. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबून उलट फिरतो. तिथले त्वरण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५६२५ फेऱ्यांना, ४५ मि.मी. च्या क्रँक त्रिज्येसाठी, ते सेकंदवर्गाला सुमारे १५,६०० मीटर येते. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे वरच्या टोकाला त्यात आणखी पाव पटीची भर पडते. म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ दोन हजार पट! पिस्टन, रिंगा आणि पिन मिळून ४०० ग्रॅम धरले, तर रॉडवर ७,८०० न्यूटनचा, म्हणजे आठशे किलो वजनाइतका ताण येतो. तोही सेकंदाला चौऱ्याण्णव वेळा.

आता फेरे ५६२५ वरून ६५०० केले, तर वाढ साडेपंधरा टक्के. पण हा ताण वाढतो तेहतीस टक्क्यांनी. आणि तो सोसायचा कोणी? कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी असलेल्या बुशने. या जुन्या इंजिनात तिथे रोलर बेअरिंग नसून तेलाच्या पापुद्र्यावर तरंगणारा बुश असतो. तेल कमी पडले किंवा जागा झिजली, की तो पापुद्रा फाटतो, धातूवर धातू घासतो, आणि इंजिनचा खालचा भाग ठोके देऊ लागतो. रॉड तुटला तर मागचे चाक क्षणात जाम होऊ शकते. इथे पैशांचाच नव्हे, जिवाचाही प्रश्न आहे. म्हणून पहिल्या बांधणीत कारखान्याने ठरवलेली फेऱ्यांची मर्यादा ओलांडायची नाही, हे कागदावर लिहूनच ठेवावे.

तिसरी वाट : दाब

उरला सरासरी दाब. खरी कमाई इथे आहे. दाब वाढवायचे मार्ग तीन : मिश्रण जास्त दाबणे, जास्त हवा आत घेणे, आणि आत आलेले बाहेर गळू न देणे.

*मिश्रण दाबणे.* पिस्टन खालच्या टोकाला असतानाचे एकूण आकारमान आणि वरच्या टोकाला असतानाचे उरलेले आकारमान यांचे गुणोत्तर म्हणजे संपीडन गुणोत्तर, गॅरेजच्या भाषेत कॉम्प्रेशन. जुन्या बुलेटचे ते ६.५ असते. म्हणजे वर उरलेली जागा ३४६ ÷ ५.५ = ६३ घन सें.मी. हे गुणोत्तर वाढले, की त्याच पेट्रोलातून जास्त काम निघते. ऑटो चक्राच्या आदर्श सूत्रानुसार ६.५ ला कार्यक्षमता ५२.७ टक्के येते, ७.२५ ला ५४.७ आणि ८ ला ५६.५. (खरी इंजिने याच्या निम्म्याच्या आसपास पोचतात, पण वाढीचे प्रमाण समजायला सूत्र उपयोगी पडते.) ६.५ वरून ७.२५ ला गेलो, तर कमाई सुमारे चार टक्के; ८ ला गेलो, तर सात टक्के.

चार टक्क्यांसाठी साडेसात घन सें.मी. जागा कमी करावी लागते. सात टक्क्यांसाठी साडेतेरा. ही जागा नुसते सिलिंडरचे तोंड घासून काढायची म्हटली, तर साडेतीन मिलिमीटर कापावे लागेल. तेवढे कापल्यावर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची टक्कर व्हायची भीती, आणि पुशरॉडची लांबी चुकणार ते वेगळेच. शिवाय दाबलेले मिश्रण अधिक तापते, ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायची वाट न पाहता कोपऱ्यात आपोआप पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. हवेने थंड होणाऱ्या, लोखंडी सिलिंडरच्या इंजिनात उष्णता सावकाश बाहेर पडते. ओतीव लोखंडाची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या साधारण एक तृतीयांश असते. तेव्हा थोडक्यात समाधान मानावे : सव्वासातपर्यंत जाणे शहाणपणाचे, त्यापुढची वाट पहिल्या बांधणीसाठी नाही.

*हवा आत घेणे.* कार्ब्युरेटरचा घसा २४ मि.मी. चा आहे. पिस्टनचे क्षेत्रफळ घशाच्या साडेआठ पट. म्हणून ५६२५ फेऱ्यांना घशातून हवा सरासरी सेकंदाला १४४ मीटर वेगाने धावते. घसा २८ मि.मी. चा केला, तर वेग १०५ वर येतो. अडथळा कमी होतो, वरच्या फेऱ्यांना थोडी जास्त हवा मिळते. पण गाडी बहुतेक वेळ धावते ३००० फेऱ्यांच्या आसपास. तिथे लहान घशात हवेचा वेग ७६ मीटर असतो, मोठ्यात फक्त ५६. हवा मंदावली, की जेटमधून पेट्रोल ओढणारी तिची ताकद कमी होते, थेंब जाड राहतात, इंजिन अडखळते. मोठा कार्ब्युरेटर लावल्यावर 'खालचा दम गेला' अशी तक्रार ऐकू येते, ती यामुळे. मोठा घसा ही ताकद नव्हे; फार तर ताकदीची जागा बदलणे आहे.

व्हॉल्व्हचेही असेच. व्हॉल्व्ह उचलला, की त्याच्या कडेने गोल पडद्यासारखी फट उघडते. फटीचे क्षेत्रफळ परीघ गुणिले उचल. ती उचल व्यासाच्या चौथ्या भागाइतकी झाली, की फट आणि भोक यांची क्षेत्रफळे सारखी होतात. त्याहून जास्त उचलून फायदा फारसा नाही. विद्यार्थ्यांनी हे कागदावर करून पाहावे. दोन ओळींचे गणित आहे.

मग हवेसाठी काय करावे? जे फुकट आहे ते. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामध्ये गॅस्केटची कड आत डोकावत असेल, तर ती बेताने कापावी. जोडाच्या ठिकाणी पायरी असेल, तर ती घासून सरळ करावी. वाहिनीतला कोळसा खरवडून काढावा. भोक मोठे करू नये. फक्त वाट नितळ करावी.

*गळू न देणे.* हा मार्ग सर्वांत साधा, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. रिंगांच्या फटीतून आणि नीट न बसलेल्या व्हॉल्व्हमधून दाबलेले मिश्रण निसटते. ५६२५ फेऱ्यांना एक स्ट्रोक सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात उरकतो. गळायला वेळच नसतो. पण किक मारताना, मिनिटाला तीनशे फेऱ्यांना, तोच स्ट्रोक सेकंदाचा दहावा भाग टिकतो. म्हणून झिजलेले इंजिन चालू व्हायला त्रास देते, चढावर मान टाकते, पण सपाटीवर पळवले की 'बरे वाटते', आणि मालकाची फसगत होते.

आता सगळी बेरीज करू. बोअरमुळे दोन-तीन टक्के, कॉम्प्रेशनमुळे चार, नितळ वाटेमुळे समजा आणखी पाच. एकूण बारा-तेरा टक्के. १८ ची झाली २०. उलट, झिजून गेलेले इंजिन समजा आज १४ अश्वशक्तीच देत असेल, तर ते नुसते मूळ मापावर आणल्याने चार अश्वशक्ती मिळतात. म्हणजे जोर वाढवण्याच्या सगळ्या खटपटीतून मिळतात दोन, आणि गमावलेले परत आणण्यातून चार. पैसे थोडे असताना आधी कुठे घालावेत, याचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

खोलण्याआधी मोजा

किती गमावले आणि कुठून, हे इंजिन खोलण्याआधीच बरेचसे कळते. कॉम्प्रेशन गेज लावून दाब मोजावा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सिलिंडरमध्ये सोडून पुन्हा मोजावा. तेलामुळे रिंगांची फट तात्पुरती बुजते. आकडा चांगलाच वाढला, तर गळती रिंगांतून. वाढला नाही, तर व्हॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून. दोन मिनिटांच्या या चाचणीने हजारो रुपयांचे काम योग्य जागी वळते.

खोलल्यावर सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनातल्या दोन दिशांनी मोजावा. सहा आकडे वहीत लिहावेत. झीज सहसा वरच्या रिंगेच्या टोकाशी आणि पिस्टन ज्या बाजूंना रेटला जातो त्या दिशेत सर्वांत जास्त आढळते. कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून पाहावा. जाणवण्याइतकी हालचाल असेल, तर बुश गेला. रॉड बाजूला थोडा सरकतो, ते मात्र स्वाभाविक असते.

वरची उरलेली जागा मोजायला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला ब्युरेट कामाला येतो. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगचे भोक आकाशाकडे राहील असे इंजिन तिरके, आणि ब्युरेटमधून पातळ तेल भोकाच्या खालच्या आट्यापर्यंत. किती घन सें.मी. बसले, त्यावरून कॉम्प्रेशन काढता येते. मोजून झाल्यावर तेल पूर्ण काढायला विसरू नये. द्रव दाबला जात नाही. तसेच इंजिन फिरवले तर रॉड वाकेल.

शंभर रुपयांची वाटणी

भावांचे आकडे गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात. म्हणून आम्ही वाटणी शंभर रुपयांची देतो. हा एक मार्गदर्शक आराखडा समजावा.

खालच्या भागाला ३५ : क्रँक, बुश, बेअरिंगे, तेलाचा पंप. सिलिंडरला २० : पिस्टन, रिंगा, पिन आणि बोअरिंगची मजुरी. हेडला १५ : व्हॉल्व्ह, गाइड, बैठका. गॅस्केट, ऑइल सील, नटबोल्ट आणि दोन वेळचे तेल यांना १०. जेट, प्लग, पॉइंट यांना ५. आणि उरलेले १५ हात न लावता बाजूला. खोलल्यावर काहीतरी अनपेक्षित निघतेच. त्या वेळी हे पंधरा रुपये नसले, की माणूस जुनाच भाग परत घालतो आणि सगळी बांधणी त्या एका भागाच्या आयुष्याएवढी होते.

खालच्या भागाला सर्वांत जास्त का? कारण वरचा भाग बिघडला, तर पुन्हा एका दिवसात खोलता येतो. खालचा बिघडला, तर सगळेच खोलावे लागते, आणि बिघडताना तो वरच्यालाही घेऊन जातो. क्रँकची दोन चाके एका रेषेत जुळवणे हे काम मात्र घरी करू नये. ते डायल गेज वापरणाऱ्या अनुभवी लेथवाल्याचेच आहे. मजुरी वाचवायची जागा ती नव्हे. खोलणे, धुणे, मोजणे, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासणे, गॅस्केट बसवणे ही कामे स्वतः केली, तर पैसे तिथे वाचतात.

मोठ्या कार्ब्युरेटरसाठी या यादीत एक रुपयाही नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

उष्णता आणि आजचे पेट्रोल

नव्याने बांधलेली इंजिने जाम होतात, ती बहुधा पहिल्या काही दिवसांत. का, ते प्रसरणाच्या सूत्राने कळते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, सिलिंडर लोखंडी. पिस्टनचे बूड १२० अंशांनी तापले, तर ७० मि.मी. व्यास सुमारे ०.१७ मि.मी. ने वाढतो. सिलिंडर १०० अंशांनी तापला, तर ०.०८ ने. दोघांमधली फट ०.०९ मि.मी. ने कमी झाली! म्हणून थंड असताना किती फट ठेवायची, हे पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेले असते, आणि ते तंतोतंत पाळायचे असते. 'घट्ट बसवले की कॉम्प्रेशन चांगले' हा समज चुकीचा आहे. कॉम्प्रेशन रिंगा धरतात, पिस्टन नव्हे. सुरुवातीचे काही शे किलोमीटर इंजिनवर पूर्ण भार टाकू नये, एकाच वेगाने फार वेळ चालवू नये, आणि पहिले तेल लवकर बदलावे. त्यात आलेली धातूची चमचम पाहिली, की कारण सांगावे लागत नाही.

इथे आजच्या पेट्रोलचीही नोंद घ्यायला हवी. २०२५ पासून आपल्याकडच्या पंपांवर बहुतेक पेट्रोल वीस टक्के इथेनॉल मिसळलेले मिळते. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला फक्त ९. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला लागते सुमारे १३.५. म्हणजे जुन्या जेटमधून त्याच हवेला आता सुमारे आठ टक्के इंधन कमी पडते. मिश्रण पातळ, जळणे गरम, आणि त्या गरमीतच पिस्टन चिकटायचा धोका. उपाय स्वस्त आहे : जेटच्या छिद्राचे क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी, म्हणजे व्यास चार टक्क्यांनी वाढवायचा. इथेनॉल जुने रबरी भाग आणि सील खराब करू शकते. ते बांधणीतच बदलून टाकावेत. जमेची बाजू एवढी, की इथेनॉलमुळे नॉकिंग सोसण्याची इंधनाची क्षमता वाढते.

वाढलेल्या वेगाची दुसरी बाजू

वेग ८० वरून १०० झाला, तर गाडीची गतिज ऊर्जा १.५६ पट होते. ती सगळी ब्रेकला पचवायची असते, आणि जुन्या बुलेटचे ड्रम ब्रेक आहेत तेच राहतात. इंजिनवर खर्च करण्याआधी ब्रेकची अस्तरे, टायर आणि साखळी यांचा खर्च वेगळा काढून ठेवावा. तो शंभर रुपयांत धरलेला नाही. तो त्यांच्याही आधीचा आहे.

ताकद मोजण्याची साधी रीत

बांधणी झाली, पण ताकद खरोखर वाढली का? डायनॅमोमीटर नसला, तरी सुरक्षित, बंदिस्त मैदानावर जाणत्या चालकाकडून स्टॉपवॉच लावून ती मोजता येते. गाडी आणि चालक मिळून २४० किलो धरू. एकाच गिअरमध्ये ताशी ३६ वरून ७२ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला १० वरून २० मीटरला जायला किती सेकंद लागतात, ते मोजायचे. गतिज ऊर्जेतली वाढ ½ × २४० × (४०० − १००) = ३६,००० ज्यूल. सहा सेकंद लागले, तर सरासरी ६,००० वॉट, म्हणजे आठ अश्वशक्ती गाडीचा वेग वाढवण्याकडे गेली. (हवेचा आणि चाकांचा विरोध वेगळा.) आकडा पूर्ण ताकदीचा नाही, पण त्याच मैदानावर, त्याच चालकाकडून, आधी आणि नंतर, दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा मोजला, तर तुलना खरी होते.

शिक्षकांना आम्ही आणखी एक सुचवू. बारावीच्या वर्गात हे सूत्र फळ्यावर लिहा, दोन्ही इंजिनांचे आकडे द्या आणि २.४ पटींचा फरक मुलांनाच फोडू द्या. मग विचारा : तुमच्याकडे मोजकेच पैसे आहेत, ते कुठे घालाल? पहिली उत्तरे बहुधा कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर हीच येतील. ती खोडून काढू नका. त्यांच्या शेजारी फक्त टक्के लिहायला सांगा. टक्के लिहून झाले, की उत्तरे मुले आपणहून बदलतात, आणि त्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी इंजिन खोलायला बसेल, तेव्हा पान्याच्या आधी मायक्रोमीटर मागेल.